पट्टा सोडलेलं पिल्लू

दामारिसनं पोराला कुत्रा करून आणलं होतं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक तिच्या स्वतःच्या कमरेला. इव्हेटनं ते कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तिला वाटलं, बाईनं तर आपणहून ताट वाढून पुढं ठेवलं.

दिवे अजून लागायचे होते. सहाव्या ॲव्हेन्यूच्या खालच्या अंगाला हॅलोविनची सोंगं जमत होती. कुणी स्वतःचं मुंडकं काखेत धरून हॉट डॉग खात होतं, कुणाचे पंख दुसऱ्याच्या शिंगांत अडकले होते आणि दोघं एकमेकांना शिव्या देत हसत होते. इव्हेट दरवर्षी इथंच यायची. एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकासाठी ती या मिरवणुकीचे फोटो काढायची. गळ्यात पास असल्यानं तिला कठड्यांच्या आत, सोंगांच्या बरोबर चालता यायचं. म्हणजे त्यांच्या पुढं, उलटं. मागं न बघता उलटं चालायची तिला इतकी सवय होती की गटाराचं झाकण कुठं, खड्डा कुठं, हे तिच्या टाचांना पाठ होतं.

या रस्त्यावर एक रीत होती. सोंग घेऊन खाली उतरलात की तुम्ही कॅमेऱ्याचे झालात. कुणी कुणाला विचारायचं नाही. हा एक दिवस सोडला तर याच शहरात अनोळखी बाईच्या मुलाचा फोटो काढला असता तर मारामारी झाली असती.

"इव्हेट! अगं, इकडे! मला हात वर करता येत नाही गं, भोकं लहान कापली गेली."

दामारिस पुठ्ठ्याच्या एका लालभडक नळकांड्यात मानेपासून गुडघ्यापर्यंत बंद होती. डोक्यावर लाल टोपी, दोन्ही कुशींना पुठ्ठ्याच्या तोट्या.

"काय झालीयेस तू? टोमॅटोचा डबा?"

"नळ! फुटपाथवरचा आगीचा नळ! तो कुत्रा आणि मी नळ. सगळी त्याचीच अक्कल. मी म्हटलं, पोलीस हो, अंतराळवीर हो. नाही म्हणजे नाही, कुत्राच." मग तिनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला बरंच वाटलं. कुत्र्याला दोरी असते ना. एवढ्या गर्दीत मी त्याला नुसत्या हाताला धरून आणायची हिंमतच केली नसती."

"भो!" नेस्टर म्हणाला. पाच वर्षांचा होता. नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका, कपाळावर लोंबते कान. "तिती, मी आज बोलणार नाही. फक्त भुंकणार."

तिती म्हणजे आत्या. हा शब्द नेस्टर आधी म्हणायला शिकला होता, 'मामी', म्हणजे आई, त्याच्यानंतर. ते दामारिस विसरली असेल. इव्हेट विसरली नव्हती. दामारिस प्रयोगशाळेत रात्रपाळ्या करायची तेव्हा पहिलं वर्षभर हे मूल इव्हेटच्या छातीवर झोपलं होतं. मग नेस्टरचा बाप विली आणि दामारिसचं फाटलं, आणि इव्हेटच्या वाट्याला रविवारचे दोन तास आले.

आता मंगळवारी सुनावणी होती. पोरगं कुणाकडं राहायचं, ते ठरणार होतं. विली, इव्हेटचा धाकटा भाऊ, प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातले बहुतेक महिने समुद्रात. त्याला ताबा मिळाला तर पोरगं कुणाच्या घरी वाढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच मोठ्यानं म्हणत नव्हतं. इव्हेटनं मात्र छोटी खोली पिवळी रंगवून घेतली होती. खिडकीला जाळी बसवली होती.

विलीच्या वकिलानं हात झटकले होते. "चांगली आहे हो ती बाई. नोकरी आहे, घर नीट आहे, पोरगं वेळेवर शाळेत जातं. चांगल्या आईच्या विरोधात मी बोलू काय? जज्जला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी आणा."

म्हणून इव्हेटनं फोन केला होता. "तुझं आणि विलीचं जे काय ते कोर्टात. माझा तो भाचा आहे. मिरवणुकीला आण त्याला, मी तुम्हाला अगदी पुढं घालते. छान फोटो काढते." पलीकडं दामारिस रडलीच होती. तिला वाटलं होतं, या घरातलं निदान एक माणूस तरी आपल्याशी माणसासारखं बोलतंय.

"गळ्याला नाही हं लागत," दामारिस आता सांगत होती. "बघ ना. आतून छातीला पट्टे शिवलेत, दोरी त्यांना आहे. गळ्यातला नुसता दिसायला."

इव्हेटनं केसाळ कापडाखाली बोटं घालून पाहिलं. दुहेरी शिवण. हात फिरवला तर कुठं टोचत नव्हतं. "छान शिवलंयस," ती म्हणाली आणि ते तिला मनापासून वाटलंही. पण आतली शिवण फोटोत येत नाही.

मिरवणूक हलली. दिवे लागले, बँड सुरू झाला आणि पहिल्याच चौकात दोन्ही कठड्यांमागच्या लोकांनी कुत्रा आणि नळ यांना उचलून धरलं.

"अरे देवा, बघा तरी!" दाढीवाली एक नन ओरडली. "पाय वर कर रे पोरा! नळ समोर आहे, लाजतोस काय?"

नेस्टरनं पाय वर केला. हशा असा उसळला की तो आधी दचकला, मग त्याला चव लागली. कॅमेरेवाले धावले. बसव त्याला! जीभ बाहेर काढ! नळबाई, इकडे बघा, नळबाई! दामारिस आधी संकोचली, मग हसायला लागली. गेल्या वर्षभरात तिच्याकडं बघून कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. लोक बघायचे ते वकिलांच्या खोलीत, कागदांच्या वरून. तिचे गाल लाल झाले आणि तिनं दोरीला लटकेच एक हिसका दिला, कुत्र्यांचे मालक देतात तसा.

इव्हेट सगळ्यांच्या पुढं होती. कॅमेरा डोक्यावर धरून तिनं वरून फोटो घेतला. खाली जमिनीवर मूल, गळ्यातून वर गेलेली ताणलेली दोरी. दोरी धरणारा हात चौकटीत ठेवला, हसणारा चेहरा बाहेर. मग गुडघ्यावर बसून दुसरा. सभोवती नुसते बूट, मध्ये चार पायांवर पोरगं.

कुणीतरी खरोखरीच कुत्र्याची थाळी आणून रस्त्यावर ठेवली. थाळीत बिस्किटं. "खा रे मोत्या, खा!"

"नको हो, रस्त्यावरचं नको," दामारिस म्हणेपर्यंत नेस्टरनं तोंड घातलं होतं. तिनं कसंबसं वाकून त्याच्या तोंडात बोट घातलं आणि बिस्किट काढलं. इव्हेटनं तेही टिपलं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई उपाशी पोराच्या तोंडातला घास ओढून काढतेय.

पुढच्या चौकात मिरवणूक अडली तशी इव्हेटनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला. दामारिस त्याचं नाक पुसतेय, तो तिनं पुसून टाकला. दामारिस त्याच्या कानात काही सांगतेय आणि त्याचे डोळे मिटलेत, तो फोटो फार सुंदर आला होता. त्यावर तिचं बोट थोडं थांबलं. मग तोही गेला. जे उरले ते तिनं जज्जच्या नजरेनं पाहिले. प्रत्येकात पोरगं हसत होतं. हॅलोविनच्या दिवशी कुत्रा झालेलं, खिदळणारं पोरगं. हसणाऱ्या मुलाला कोर्ट कुणाच्या हातून सोडवणार? जज्ज स्वतःच हसला असता.

ती दामारिसच्या जवळ गेली.

"एक बोलू? रागावणार नसशील तर."

"बोल की."

"ती दोरी काढ गं."

दामारिसचा चेहरा लगेच उतरला. तो उतरायला फार लागायचं नाही. "का? कुणी काही म्हणालं?"

"म्हणालं नाही. पण आज इथं शंभर कॅमेरे आहेत. उद्या यातला एखादा फोटो फिरत फिरत विलीच्या वकिलाच्या हाती लागला तर? पाच वर्षांच्या पोराच्या गळ्यात पट्टा, आणि ओढतेय कोण, तर आई. मला माहितीये तू का बांधलंस. त्याला माहितीये का?"

"अगं पण मी तर... तो हरवू नये म्हणूनच..."

"तेच तर. तू चांगलं करायला गेलीस. दिसतंय कसं, ते बघ."

तिनं तो वरून घेतलेला फोटो दाखवला. दामारिसनं पाहिला आणि तोंडावर हात न्यायला गेली, पण पुठ्ठ्याच्या भोकातून हात तिथवर पोचेना. "अरे बापरे. अरे बापरे, इव्हेट, हा पुसून टाक."

"टाकते. माझा तर मी टाकेन. बाकीच्यांचं काय?"

दामारिस दोरी सोडायला लागली. गाठ तिनंच घट्ट मारलेली, सुटता सुटेना. नेस्टर वळवळला. "मामी, नको ना! कुत्रा सुटा नसतो!"

"आता तू मोठा कुत्रा झालास. मोठे कुत्रे हात धरून चालतात." तिनं दोरी गुंडाळून नळकांड्यात टाकली, त्याचा केसाळ पंजा घट्ट मुठीत धरला आणि इव्हेटकडं बघून म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून बरं झालं. माझ्या लक्षातच आलं नसतं."

"मी आहे ना पुढं," इव्हेट म्हणाली. "माझं लक्ष आहे."

मागून मोठाले सांगाडे येत होते, बांबूंवर नाचवलेले, घरांच्या दुसऱ्या मजल्याला डोकी लागतील एवढे. दरवर्षी ते पुढं सरकले की लोक त्यांच्या खालून जायला आत घुसतात, आणि थोडा वेळ रस्त्यावर कुणाचंच काही चालत नाही. दामारिसला ते ठाऊक नव्हतं. इव्हेटला होतं.

रेटा आला. रक्तानं माखलेल्या नववधूंची एक टोळी, झगे गोळा करत, किंचाळत मधून घुसली. दामारिसला तिच्या पुठ्ठ्यानंच आडवं फिरवलं. नळकांडं कुणाच्या ढालीत अडकलं, ती वळली, सुटली आणि तिनं खाली पाहिलं तेव्हा तिच्या मुठीत नुसता पंजा होता. केसाळ, तपकिरी, आतून रिकामा.

पोरगं हातभर अंतरावर होतं. इव्हेटनं हात लांब करून त्याला कमरेत उचललं, कठड्यांच्या फटीतून पलीकडं घेतलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीजवळ, बघ्यांच्या पायांमागं उतरवलं.

"नेस्टर, खरा कुत्रा आहेस ना?"

"भो."

"खरा कुत्रा सांगितल्यावर बसतो. बस. शाब्बास. आता हलायचं नाही, भुंकायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. मी 'ऊठ' म्हणेपर्यंत."

त्याचे डोळे चमकले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि पाठ ताठ केली.

इव्हेट परत आत आली आणि तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"नेस्टर!" दामारिस ओरडत होती. "नेस्टर! कुत्रा पाहिला का कुणी? लहान कुत्रा, माझा मुलगा, कुत्रा झालाय तो..."

लोकांना वाटलं, खेळ चाललाय. इतका वेळ हेच तर चाललं होतं.

"नळाचं कुत्रं पळालं रे!" कुणीतरी आरोळी दिली. हशा.

"नेस्टर!"

"भो!" डावीकडून एक जाडा समुद्री चाचा भुंकला. ती झटक्यात वळली. त्यानं पाय वर करून दाखवला. "भो भो!" उजवीकडून. ती तिकडं वळली. ती अशी वळतेय म्हटल्यावर सगळ्यांनाच गंमत वाटली. कठड्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं भुंकायला लागली. नन, राक्षस, म्हातारे, कडेवरची मुलंसुद्धा. ती हाक मारी आणि सगळा रस्ता भुंकून उत्तर देई.

"थांबा! अहो थांबा, खरंच हरवलाय तो, खरंच!"

"काय काम करते बाई!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले.

दामारिस पळायला गेली आणि पुठ्ठ्यात पाय अडकून आडवी झाली. नळकांडं घरंगळलं, ती त्याच्यात. हशा आता आवरेना. ती आतून पुठ्ठा फाडत होती, दातांनीसुद्धा. टोपी उडाली होती, केस तोंडावर आले होते, ओठातून रक्त. इव्हेट दर धडपडीला एक फोटो घेत होती. एकदा दामारिसची नजर तिच्यावर पडली. "इव्हेट! तुझं लक्ष होतं ना? इव्हेट!" इव्हेटनं खांदे उडवले, दोन्ही हात पसरले, आणि गर्दीकडं बोट दाखवून 'मीही शोधतेय' असं खुणावलं. दामारिस भलत्याच दिशेला धावली, हातात पंजा घेऊन.

मग इव्हेटनं लांबचं टिपणारी लेन्स लावली आणि दुकानाच्या पायरीकडं रोखली.

नेस्टर बसून होता. पुढं पायांचं जंगल, त्यातले निम्मे खुरांचे, नख्यांचे. त्याला आईची हाक ऐकू येत होती. प्रत्येक हाकेला त्याची मान तिकडं वळत होती आणि परत समोर येत होती. खालचा ओठ दातांत धरलेला. पंजा गेलेला उघडा हात मांडीवर दाबून धरलेला, आणि दगडावर त्याच्याखालून एक ओला डाग हळूहळू पसरत होता. लाज वाटून तो रडत होता. पण आवाज नाही. आणि हलला नाही.

माझं गुणी पोर, इव्हेटला वाटलं. पिवळ्या खोलीत याला आपण कधी म्हणून रडू देणार नाही. उजेड दुकानाच्या पाटीचा, हिरवट, बरोबर चेहऱ्यावर पडला होता. तिनं श्वास रोखला आणि बटण दाबलं. एवढी वर्षं ती या रस्त्यावर उलटी चालली होती, असा फोटो तिला कधी मिळाला नव्हता. कोणताही जज्ज याच्यावर हसला नसता.

एक पोलीस कठड्यापाशीच उभा होता. तिनं त्याच्या बाहीला हात लावला.

"ऑफिसर, ते मूल बघा. कितीतरी वेळ एकटं बसलंय. मी त्याची आत्या. आईबरोबर आलं होतं."

"आई कुठाय?"

"तेच विचारतेय मी."

पोलीस खाली बसला. नाव विचारलं. नेस्टरनं फक्त मान हलवली. पोलिसानं खांद्यावरच्या यंत्रात काही सांगितलं, कोपऱ्याचं नाव, मुलाचं वय. इव्हेटनं त्यातला शब्दन् शब्द ऐकून ठेवला.

दामारिस आली ती लोकांना कोपरांनी बाजूला सारत. अंगावर पुठ्ठ्याचा एक लाल तुकडा तेवढा लोंबत होता. तिनं आधी नेस्टरला पाहिलं, मग इव्हेटला, आणि इव्हेटच्याच गळ्यात पडली.

"तुला सापडला. तुला सापडला गं." तिचं सगळं अंग हलत होतं. "मी मेले असते. इव्हेट, मी कसं फेडू हे? मंगळवारी तू येशील ना? सांगशील ना त्यांना, मी तशी आई नाहीये? तू बघितलंस ना आज, मी किती जपत होते?"

"येईन," इव्हेट म्हणाली. "बघितलं तेच सांगेन."

दामारिस गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पुढं केले. "चल राजा. चल, घरी जाऊ. ओलं झालं? होऊ दे. चल."

नेस्टर हलला नाही.

"ये ना रे. मामी रागावली नाही."

त्यानं मान हलवली. नाही. पोलीस एकदा पोराकडं आणि एकदा आईकडं बघू लागला. "बाळा, ही तुझी आई ना? मग जात का नाहीस?"

"तितीनं बस म्हटलंय," नेस्टर पुटपुटला.

दामारिस रडता रडता हसली. "शहाणा माझा. बरोबर सांगितलं तितीनं. हरवलं की एका जागी बसायचं. आता सापडलास ना? आता ऊठ."

"तू हाक मारलीस ते मला ऐकू येत होतं," नेस्टर म्हणाला. "पण तितीनं सांगितलं होतं, कुणी हाक मारली तरी नाही. मामी, मी भुंकलोपण नाही. एकदापण नाही."

दामारिसचे पुढं केलेले हात तसेच राहिले. तिनं हळूहळू मान वर केली. कळायला तिला वेळ लागत होता. आधी डोळ्यांना कळलं, मग तोंडाला. ओठ मागं ओढले गेले, रक्ताळलेले दात दिसले. इव्हेटकडं अशी नजर आजवर कुणी टाकली नव्हती.

पण इव्हेटनं कॅमेरा आधीच उचलला होता. ती जरा डावीकडं सरकली, म्हणजे दामारिस नक्की कुणाकडं बघतेय ते चौकटीत कळणार नाही. आत राहिलं एवढंच: ओलं, रडवेलं मूल आणि त्याच्यावर वाकलेली, दात ओठ खाणारी बाई. तिनं बटण दाबलं.

"मॅडम, जरा मागं व्हा," पोलीस दामारिसला म्हणाला.

"तिनं... ऑफिसर, तिनंच त्याला..."

"मॅडम. मागं."

इव्हेटनं कॅमेरा खाली घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "शाब्बास रे माझ्या पिल्ला. ऊठ."

नेस्टर उडी मारून उठला, आईच्या पसरलेल्या हातांच्या बाजूनं धावत आला आणि तितीच्या पायांना बिलगला. तिनं एका हातानं त्याला पोटाशी घट्ट धरलं. दुसरा हात तिनं कॅमेऱ्यासकट वर उचलून धरला, ओल लागू नये म्हणून.